कॅन्सरची नोंद कशी करावी: खेड्यापाड्यांत, स्थलांतरात आणि अशांत प्रदेशात

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ च्या आकडेवारीत पुरुषांमधील कॅन्सरचे वयानुसार समायोजित (म्हणजे वयोरचनेतला फरक काढून टाकलेले) प्रमाण मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात दर लाखामागे सुमारे २६९ आले. उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत मिळून ते सुमारे ४० होते. तंबाखू आणि राहणीमान पाहता यातला बराच फरक खरा असणार. तरीही ४० हा आकडा वाचणारा कुणीही जाणता माणूस आधी एकच प्रश्न विचारतो : आजार कमी आहे, की नोंद कमी आहे? त्याचे उत्तर नोंदणी करणाऱ्याच्या कामातूनच द्यावे लागते.

जिथे डॉक्टर थोडे, कागद अपुरे आणि माणसे सतत हलती, तिथे कॅन्सर आपण होऊन नोंदवहीत येत नाही. त्याला शोधत जावे लागते. नव्याने रुजू झालेले नोंदणी कर्मचारी, तालुक्याच्या रुग्णालयातील रेकॉर्ड सांभाळणारे आणि शिबिरे घेणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांनी भरलेले फॉर्म तपासताना मला त्याच त्या चुका दिसतात. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

टप्पा १ : आधी हद्द आखा, मग लोकसंख्या मोजा

पहिली चूक फॉर्म हातात घेण्याआधीच होते. ‘आमच्या रुग्णालयात या वर्षी इतके रुग्ण आले’ ही रुग्णालयाची नोंद झाली. तिच्यावरून कामाचा ताण कळतो, प्रदेशातले प्रमाण कळत नाही. प्रमाण काढायचे तर ठरलेल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा कॅन्सर मोजावा लागतो, मग त्याचे निदान कुठेही झालेले असो.

हद्द लहान ठेवा. १९८७ मध्ये बार्शीत सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीने बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, म्हणजे ३४६ गावे घेतली आणि कार्यकर्ते गावोगाव पाठवले. पाच जिल्हे कागदावर घेऊन निम्मे रुग्ण हातचे सुटू देण्यापेक्षा तीन तालुके नीट पिंजून काढलेले बरे.

मग गावांची यादी करा. प्रत्येक गावापुढे जनगणनेतील गाव-क्रमांक लिहा आणि नोंदी त्या क्रमांकावरच ठेवा. वडगाव, पिंपळगाव, धानोरा ही नावे एकेका जिल्ह्यात अनेकदा येतात. जिल्ह्यांची नावेही बदलतात. उस्मानाबादचे धाराशिव झाले, म्हणून एकच गाव संगणकात दोन जिल्ह्यांत जाऊन बसायला नको.

लोकसंख्या पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत आणि स्त्री-पुरुष वेगळी हवी. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ च्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढावा लागतो. तो कोणत्या पद्धतीने काढला हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

तपासा : यादीतले कोणतेही गाव बोट ठेवून निवडा. ते कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येते आणि तिथला माणूस गंभीर आजारी पडला की कोणत्या शहराची एसटी धरतो, हे सांगता आले पाहिजे. येत नसेल तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा २ : रुग्ण कुठे-कुठे सापडतील, त्याची यादी

एसटी कोणत्या शहराची, या उत्तरातूनच स्रोत ठरतात. बार्शी भागातला रुग्ण बार्शीत, सोलापुरात, पुण्यात किंवा थेट मुंबईत सापडेल. सीमेवरचा हैदराबादलाही जातो. तुमच्या हद्दीतल्या माणसाची फाईल हद्दीबाहेर असते, आणि तीच सर्वांत जास्त वेळा सुटते.

जायचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा पॅथॉलॉजी लॅब, कारण बायोप्सीची नोंदवही एकाच जागी असते. मग रेडिएशन आणि केमोथेरपीचे विभाग. त्यानंतर शस्त्रक्रिया, स्त्रीरोग आणि कान-नाक-घसा या विभागांचे केस पेपर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार झाले असतील तर रुग्णालयाच्या योजना कक्षात कागद मिळतात. मग सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनची केंद्रे. शेवटी मृत्यूच्या नोंदी, त्यांच्याबद्दल पुढे.

प्रत्येक ठिकाणी लेखी परवानगीचे पत्र लागते. रुग्णालयाच्या प्रमुखाच्या सहीचे पत्र मिळाले तरी ते रेकॉर्ड विभागातल्या माणसापर्यंत पोहोचलेले नसते. पत्राची एक प्रत त्याच्या हाती द्या आणि दर भेटीला त्याच माणसाला भेटा. नोंदणी बरीचशी या ओळखीवर चालते.

सावध : लॅबच्या वहीत बहुधा नाव, वय आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव एवढेच असते. पत्ता नसतो. पत्ता नाही म्हणून नोंद टाकून देणे ही फार मोठी गळती आहे. अशा नोंदींची वेगळी यादी करा आणि ती घेऊन त्या डॉक्टरांकडे जा.

टप्पा ३ : फॉर्म छोटा, पण रिकामा नको

काही संस्थांचे चार-चार पानी फॉर्म पाहिले आहेत. त्यात सवयी, उत्पन्न, आहार, सगळे विचारलेले असते आणि निदानाची तारीख मात्र कोरी असते. सक्तीच्या बाबी थोड्याच ठेवा : पूर्ण नाव, लिंग, वय किंवा जन्मतारीख, नेहमीचा पत्ता, निदानाची तारीख, निदानाचा आधार, गाठीची मूळ जागा, पेशींचा प्रकार, आणि माहिती कुठून मिळाली. यातली एकही जागा कोरी असेल तर फॉर्म अपुरा समजा. बाकीचे जमले तर घ्या.

वयाबाबत सर्वांत जास्त ढिलाई होते. केस पेपरवर ५०, ६०, ७० असे गोल आकडे असतात, कारण खिडकीवरच्या माणसाने चेहरा पाहून लिहिलेले असतात. घरी विचारता येत असेल तर आठवणीचा आधार घ्या. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? खडी फोडायला जात होता का?’ ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला कितवीत होता?’ मराठवाड्यात आणि सोलापूरकडे या दोन प्रश्नांवरून वय बऱ्यापैकी जवळ येते. आधार कार्डावरची एक जानेवारी ही जन्मतारीख दिसली की ती अंदाजाने टाकलेली असू शकते, हे लक्षात ठेवून तीच आठवणीशी पडताळा.

टप्पा ४ : गावात गेल्यावर

गावभेट हा या कामाचा गाभा आहे, आणि घाईत सर्वांत वाईट होतो तोही हाच टप्पा.

चावडीवर किंवा पारावर उभे राहून ‘गावात कुणाला कॅन्सर आहे का?’ असे विचारू नका. कुणी सांगणार नाही. आणि एखाद्याने चारचौघांत शेजारणीचे नाव सांगितले, तर त्या बाईचे जे नुकसान होईल ते तुम्हाला भरून देता येणार नाही. आधी आशाताई, मग अंगणवाडी सेविका, मग उपकेंद्रातील परिचारिका. यांच्याशी एकेकीशी वेगळे बोला. ग्रामसेवकाकडून वर्षभरातील मृत्यूंची यादी घ्या. त्यानंतरच घरी जा.

घरातही आजाराचे नाव आपण घ्यायचे नाही. लोक ‘मोठा आजार’, ‘गाठीचं दुखणं’ किंवा नुसते ‘मुंबईला दाखवलंय’ असे म्हणतात. तेच शब्द वापरा. अनेक घरांत रुग्णाला स्वतःलाच निदान सांगितलेले नसते. दारातच मुलगा हळूच म्हणतो, ‘आईला काही माहीत नाही हं, तिच्यापुढं बोलू नका.’ त्याला बाजूला घ्या, केस पेपर आणि रिपोर्ट त्याच्याकडूनच पाहा.

प्रश्न लक्षणांचे ठेवा. तोंडात न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, गिळायला त्रास, स्तनातली गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे. शेवटचा प्रश्न बाईने बाईलाच, घरातले पुरुष बाहेर असताना विचारावा. कार्यकर्त्यांच्या जोडीत एक स्त्री नसेल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे तुमचे आकडे कमीच येणार.

लक्षणे सांगणारा पण कुठेही न गेलेला माणूस भेटला, तर त्याची नोंद अजून करायची नाही. संशयितांच्या वहीत नाव लिहा, जवळच्या तपासणी केंद्राची चिठ्ठी द्या, आणि महिन्याभरात तो गेला का ते पाहायला परत जा. हा पाठपुरावा जमणार नसेल तर लक्षणे विचारूच नका. माणसाच्या मनात भीती घालून निघून जाणे योग्य नाही.

सावध : उपचाराचे, पैशांचे, योजनेत बसवून देण्याचे आश्वासन देऊ नका. योजनेची माहिती द्या, कुणाला भेटायचे ते सांगा. एकदा दिलेला शब्द मोडला की ते गाव पुढच्या कार्यकर्त्याला दार उघडत नाही.

टप्पा ५ : रहिवासी की पाहुणा?

भारतातील नोंदणीत निदानाआधी किमान एक वर्ष त्या हद्दीत राहिलेला माणूस रहिवासी धरतात. नियम सोपा वाटतो, लावताना घोटाळे होतात.

बीड, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्याचा हंगाम आटोपला की परततात. साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या फडात असताना बाईला त्रास झाला, तिथल्या दवाखान्यात निदान झाले, पत्ता कारखान्याचा लागला. ती रहिवासी मूळ गावचीच. दर वर्षी काही महिने बाहेर राहिल्याने राहते ठिकाण बदलत नाही. तिची नोंद सुटू नये यासाठी कोयता परतला की आशाताईंना पुन्हा विचारा. पावसाळ्याच्या तोंडावरची ही एक फेरी दिवाळीनंतरच्या दोन फेऱ्यांच्या तोडीची ठरते, कारण दिवाळीनंतर घरांना कुलपे असतात.

याच्या उलट, वीस वर्षे पुण्यात रिक्षा चालवणारा माणूस आजारी पडल्यावर शेवटचे दिवस काढायला गावी येतो. तो पुण्याच्या नोंदणीचा. आणि मुंबईत उपचारासाठी नातेवाइकाकडे उतरलेली मावशी केस पेपरवर भाच्याचा चेंबूरचा पत्ता देते. ती मुंबईची होत नाही.

म्हणून ‘पत्ता काय?’ असे विचारू नका. विचारा : त्रास सुरू होण्याआधी वर्षभर कुठे राहत होता? रेशन कुठे घेता? मतदान कुठे करता? तिन्ही उत्तरे जुळली तर लिहून टाका. नाही जुळली तर पहिले उत्तर महत्त्वाचे.

टप्पा ६ : तारीख, आधार, कोड

निदानाची तारीख म्हणजे तुम्ही फॉर्म भरला तो दिवस नव्हे, आणि मोठ्या रुग्णालयात नाव घातले तो दिवसही नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पक्के निदान झाले ती तारीख घ्या. नमुना काढल्याची तारीख मिळाली तर उत्तम, नाहीतर लॅबला पोहोचल्याची, तीही नसेल तर रिपोर्टची. बायोप्सी झालीच नसेल तर कॅन्सर म्हणून पहिल्यांदा नोंद झालेल्या रुग्णालयीन भेटीची तारीख धरा.

निदानाचा आधार अंकात लिहितात. मूळ गाठीची बायोप्सी ७, पसरलेल्या गाठीची ६, सुईने काढलेल्या किंवा रक्तातल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी ५, ट्यूमर मार्कर (कॅन्सर सुचवणाऱ्या रक्तातल्या घटकांची तपासणी) ४, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी किंवा दुर्बिणीची तपासणी २, नुसती डॉक्टरांची तपासणी १, आणि फक्त मृत्यूचा दाखला असेल तर ०. माहितीच नसेल तर ९.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘बायोप्सी नाही, म्हणजे नोंद नाही’. असे केले की फुप्फुस, यकृत, स्वादुपिंड आणि मेंदू यांचे कॅन्सर नोंदवहीतून गायब होतात. नेमके हेच रुग्ण बायोप्सीपर्यंत पोहोचत नाहीत.

दुसरी चूक मूळ जागेची. यकृतात गाठी दिसल्या म्हणून यकृताचा कॅन्सर लिहिला, मानेतली गाठ तपासली म्हणून लसिका ग्रंथींचा, म्हणजे जागेचा सी ७७ हा कोड टाकला. मानेच्या गाठीचा रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर), पेशींच्या प्रकाराचा कोड ८०७०/३, असेल तर मूळ बहुधा तोंडात किंवा घशात असते. केस पेपरची मागची पाने उलटा. मूळ सापडलेच नाही तर सी ८०.९ लिहा, अंदाजाने जागा भरू नका. तिरप्या रेघेनंतरच्या अंकाकडेही लक्ष द्या : ३ म्हणजे आक्रमक कॅन्सर, २ म्हणजे जागेवरच असलेला. या रेघेनंतरचा, पसरलेल्या गाठीसाठीचा ६ पॅथॉलॉजीत चालतो, नोंदणीत वापरत नाहीत; वरचा आधाराचा ६ वेगळा.

फ्रान्समधील ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची कॅनरेग ही संगणक प्रणाली मोफत आहे. पुरुषाला गर्भाशयमुख किंवा चार वर्षांच्या मुलाला प्रोस्टेट अशा चुका ती पकडते. पण चुकीची भरलेली शक्य गोष्ट तिला पकडता येत नाही.

टप्पा ७ : एकच माणूस तीनदा

मी तपासलेल्या एका यादीत एक बाई तीन वेळा होती. लॅबमध्ये माहेरच्या आडनावाने, कारण भाऊ घेऊन गेला होता. रेडिएशन विभागात नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. आणि मृत्यूच्या नोंदीत नुसते ‘अमक्याची आई’ म्हणून ओळखले जाणारे घरातले नाव. तीन नोंदी, एकच स्तन, एकच माणूस. आमच्या हाती ती योगायोगानेच लागली, कारण तिन्ही कागदांवर गाव एकच होते.

मराठी नावांत हे होणारच, म्हणून जुळणी टप्प्याटप्प्याने करा :

१. आडनाव सोडून नुसते स्वतःचे नाव, गाव-क्रमांक आणि पाच वर्षे मागे-पुढे वय.
२. वडिलांचे नाव आणि नवऱ्याचे नाव अदलाबदल करून.
३. आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगे धरून. शिंदे, चौधरी, क्षीरसागर, शेख, सय्यद ही इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात.
४. गाठीची जागा आणि वर्ष जुळते का ते पाहून.
५. मोबाइल क्रमांक असेल तर तो. मात्र तो मुलाचा किंवा शेजाऱ्याचाही असू शकतो.

संगणकाने सुचवलेली जोडी माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय एक करू नका. एका गावात एकाच वयाच्या दोन ‘लक्ष्मीबाई पवार’ खरोखर असतात. चुकून एक केलेल्या दोन नोंदी पुन्हा वेगळ्या करणे फार अवघड जाते.

एकाच माणसाला दुसरा कॅन्सर झाला तर ती वेगळी नोंद. पण पहिलाच पुन्हा उलटला, तर नाही. दोन्ही स्तनांत एकाच प्रकारच्या पेशींची गाठ असेल तर आंतरराष्ट्रीय नियमाने ती एकच धरतात, मध्ये कितीही वर्षे गेली तरी.

टप्पा ८ : मृत्यूच्या नोंदी

रुग्णालयातल्या मृत्यूचे वैद्यकीय कारण नमुना ४ मध्ये, घरच्या मृत्यूचे नमुना ४-अ मध्ये लिहायचे असते. खेड्यातले पुष्कळ मृत्यू घरीच होतात आणि वहीत ‘वृद्धापकाळ’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच असते. त्यामुळे कॅन्सर हा शब्द शोधून भागत नाही. तुमच्या नोंदवहीतली सगळी नावे मृत्यूंच्या सगळ्या नावांशी जुळवा, कारण काहीही लिहिलेले असो.

मृत्यूच्या नोंदीतून कॅन्सरचे नवे नाव मिळाले की लगेच ‘० आधार’ टाकू नका. घरी जा, जुने कागद बघा, उपचार केलेल्या रुग्णालयात मागे जा. बहुतेकदा फाईल सापडते. सगळे करूनही काही मिळाले नाही, तरच ती केवळ दाखल्यावरची नोंद. सुतकाचे दिवस टाळून जा.

टप्पा ९ : प्रदेश अशांत असेल तर

युगांडातली कंपालाची नोंदणी १९५० च्या दशकापासूनची. राजकीय अस्थिरतेत ती खंडित झाली आणि १९८९ मध्ये पुन्हा उभी राहिली. रुआंडातल्या बुतारे इथे मे १९९१ मध्ये सुरू झालेली नोंदणी एप्रिल १९९४ मध्ये नरसंहाराबरोबर थांबली. अशी वेळ येईल असे धरून तयारी आधीच करावी लागते.

- नोंदींची कुलूपबंद प्रत दर महिन्याला दुसऱ्या शहरात ठेवा. नावांची यादी आणि आजाराची माहिती वेगवेगळ्या फायलींत, क्रमांकाने जोडलेली.
- धर्म, जमात, वंश या रकान्यांचा एरवी अभ्यासाला उपयोग असतो. जिथे त्यावरून माणसे मारली जात आहेत तिथे तो रकाना भरू नका, आधी भरलेला असेल तर नावांपासून तोडा. आकडा अपुरा राहिलेला चालेल.
- दोन पत्ते घ्या : विस्थापित होण्याआधीचा आणि आत्ताचा. २०२१ च्या सत्तापालटानंतर म्यानमारच्या चिन राज्यातून हजारो लोक मिझोराममध्ये आले. दोन्हीकडच्या लोकांची नातीगोती आणि नावे इतकी जवळची, की नावावरून वेगळे ओळखू येत नाही. ते रुग्ण स्थानिकांत मिसळले तर प्रमाणाच्या अंशात (रुग्णांत) माणसे वाढतात, छेदात (लोकसंख्येत) वाढत नाहीत, आणि प्रमाण खोटे फुगते. त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. मोजायचे मात्र नक्की. औषधे त्यांनाही लागतात.
- लोकसंख्या किती उरली हेच माहीत नसेल तर दर लाखामागचे प्रमाण छापू नका. नुसती संख्या आणि कोणता कॅन्सर किती टक्के एवढेच द्या.
- काम बंद पडलेला काळ अंदाजाने भरून काढू नका. ‘या महिन्यांत नोंदणी झाली नाही’ असे स्पष्ट लिहा.

सावध : कार्यकर्त्याला धोका असेल तर गावभेट रद्द. नोंद नंतर होईल.

टप्पा १० : छापण्याआधी

प्रमाण काढण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झालेल्या नोंदी जवळजवळ शंभर टक्के असतील तर आनंद मानू नका, लॅबबाहेरचे रुग्ण सुटलेत. केवळ मृत्यूच्या दाखल्यावरच्या नोंदी फार असतील तर जिवंतपणी रुग्ण सुटले. त्या अगदीच शून्य असतील तर मृत्यूच्या वह्या पाहिल्याच नाहीत, असेही असू शकते. मृत्यू आणि नव्या नोंदी यांचे गुणोत्तर एखाद्या जागेसाठी एकापेक्षा जास्त आले तर त्या जागेचे रुग्ण शोधायला पुन्हा निघा. आणि सत्तरीनंतरचे प्रमाण एकदम घसरत असेल, तर म्हाताऱ्या माणसांना कुणी तपासणीला नेलेच नाही, असे समजा.

शेवटी गावांची यादी पुन्हा काढा, टप्पा १ मधली. ज्या गावापुढे सलग तीन वर्षे शून्य आहे, त्या गावांवर खूण करा. हजार-बाराशे वस्तीच्या गावात असे योगायोगानेही घडू शकते, चार हजारांच्या गावात सहसा नाही. पुढच्या महिन्याच्या गावभेटी या खुणा केलेल्या गावांपासून सुरू करा, मोठ्या गावापासून आधी.